धर्मकाट्यापर्यंतची बस

३ ऑगस्ट

समाजमंदिरात युवा गटाची बैठक. काजल सोडून सगळे आले. आलूबोंडे झाले, मोबाइल झाले, एकमेकांच्या खोड्या झाल्या. बसचा विषय काढला अन् सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

जूनपासून शहर बस वस्तीत येत नाही. आधी धर्मकाट्यापर्यंत यायची, जिथं ट्रक तोलतात तिथं. आता वाडी नाक्यावरूनच तोंड फिरवते. नाका ते धर्मकाटा सगळा गोदामांचा रस्ता, दोन्ही बाजूंनी ट्रक उभे, खांबांवर दिवे आहेत पण लागत नाहीत. हे मला कोणी सांगितलं? ह्याच पोट्ट्यांनी. रोज सांगतात. माझ्यापाशी कुरकुर करताना एकेकाची जीभ काय सटासट चालते! म्हटलं, हेच त्या बसवाल्या साहेबाला सांगा. तर आकाश म्हणतो, "ताई, आपल्याले कोण विचारते?"

आकाश म्हणजे गटाचा हीरो. दिवसा पार्सल पोचवतो, अन् वस्तीतल्या प्रत्येक हळदीला, गणपतीला माइक त्याच्याच हातात. त्याला कोण विचारते म्हणे.

संध्याकाळी मी काम करते त्या संस्थेच्या सरांचा फोन. "मॅडम, तुमच्या वाडीच्या गटाचं काही आउटकम दिसत नाही." आउटकम काय कोंबडीचं अंडं आहे, सकाळी उठून उचलायला? म्हटलं नाही. "हो सर" म्हटलं.

५ ऑगस्ट

काजल का आली नाही बघायला तिच्या घरी गेले. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, दुपारची शिफ्ट, प्रॅक्टिकल सहापर्यंत. नाक्यावर उतरते तेव्हा अंधार पडत आलेला असतो.

देवरावभाऊ (तिचे बाबा) दारातच बसले होते, पाठीला मलम लावून. ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करतात. माझा चेहरा बघूनच सुरू झाले. "ताई, मी कॉलेज बंद नाही करून राहिलो. बस बंद झाली. संध्याकाळीच गाड्या खाली होते. मी माल सोडून पोरीले आणाले नाक्यावर जातो, मुकादम म्हणते उद्यापासून येऊ नको. मी काय करू सांगा?"

सांगा म्हणे. काय सांगू?

गेल्या आठवड्यात त्यांना उशीर झाला, ही एकटीच निघाली. एका ट्रकवाल्यानं गाडी हळू करून थेट धर्मकाट्यापर्यंत तिच्या मागे मागे आणली, लाइट मारत. काही केलं नाही. फक्त लाइट मारत आला. काजलनं ते मला खाली बघत सांगितलं, जसं काही तिनंच केलं होतं.

भाऊंचं ठरलं आहे. दिवाळीपर्यंत बघतील, नाही तर दिवाळीनंतर पोरगी घरी. वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

निघताना काजल फाटकापर्यंत आली. "ताई, मले शिकायचं आहे." बस एवढंच. घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. ही पोट्टी दिवाळीनंतर घरी बसली तर त्या गटाला काय चाटायचं आहे?

१२ ऑगस्ट

समाजमंदिरात सराव. मी साहेब झाले. खुर्ची, टेबल, चष्मा नाकावर. आकाश शिपाई. पोट्टे हसून हसून लोळले.

अन् काजल बोलली. काय बोलली! "साहेब, तुम्ही एक दिवस गाडी नाक्यावर सोडा अन् संध्याकाळी धर्मकाट्यापर्यंत पायी चालून पाहा. एकटे. मंग सांगा बस पाहिजे का नाही." मी म्हटलं, "प्रवासी कमी आहेत, परवडत नाही." तर म्हणते, "प्रवासी कमी नाही, कोणीच बसू शकत नाही अशा टायमाच्या फेऱ्या मोजल्या तुम्ही. संध्याकाळची बस तं भरून येत होती."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुझ्यासमोर बोलली. साहेबासमोर बोलू दे." ह्यांना शुभ बोलायला काय होतं कोणास ठाऊक.

२३ ऑगस्ट, मारबत

पोट्ट्यांनी बसचा बडग्या केला, मारबतीबरोबर मिरवून जाळायचा पुतळा! पुठ्ठे, बांबू, जुनी पोती. तोंडाच्या जागी फुटकं स्टिअरिंग, गळ्यात पाटी, "नाक्यावरून परत". दुपारी वस्तीतून मिरवला. मी कोपऱ्यावर उभी. काजल सगळ्यात पुढं, ओढणी कमरेला बांधलेली, घसा फाटेस्तोवर ओरडत होती, "बस बंद करणाऱ्याले घेऊन जाय गे मारबत!" मागून सारी गल्ली, "घेऊन जाय गे मारबत!" म्हाताऱ्या बायासुद्धा. धर्मकाट्यापाशी नेऊन जाळला. ट्रकवाले खाली उतरून बघत होते.

बरं वाटलं. फार दिवसांनी मनापासून बरं वाटलं. आता ह्या पोट्ट्यांना घेऊन साहेबाकडे जायचंच.

२९ ऑगस्ट

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते, नाही तर रात्रभर झोप येणार नाही.

बसवाल्या साहेबांनी अकराला बोलावलं, साडेबाराला आत घेतलं. चांगले वागले, उगाच खोटं कशाला लिहू. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. "बोला बेटा, काय प्रॉब्लेम आहे?"

पंखा तेवढा बोलत होता.

आकाश उठला. मला वाटलं, चला, सुटलो. तर ह्यानं हात जोडून सुरू केलं, "माननीय साहेबांनी आपल्या अत्यंत व्यस्त कार्यक्रमातून अमूल्य वेळ दिल्याबद्दल आमच्या वस्तीच्या वतीनं..." अबे, तू काय गणपतीच्या मंडपात आहेस का बे! साहेब खूश. मग काजलकडे वळले. "हं, तू सांग बेटा."

"काही नाही सर."

काही नाही सर! काही नाही तर मग आलो कशाला होतो, एसीची हवा खायला? सहा दिवसांपूर्वी गल्ली दणाणून सोडणारी पोट्टी ती हीच का, असं वाटलं. मी मोठ्यानं खोकले, पाय दाबला तिचा. ती टाइल्स मोजत बसली. शेवटी साहेबच म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगा." अन् मी सांगितलं. सगळं. छान सांगितलं असेल. त्यांनी "बघतो" म्हटलं, निवेदन घेतलं, फोटो झाला. फोटोत सगळे हसत आहेत.

बाहेर आल्यावर इतका राग आला होता की उसाचा रससुद्धा नको म्हटलं. आकाश म्हणतो, "ताई, काम तं झालं नं?" कोणतं काम, बाप्पा? काजल बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडली. विचारलं तर म्हणाली, "तिथं गेल्यावर वाटलं, मी बोलली अन् त्याहिले राग आला तं सगळ्यांची बस जाईन." बस नाहीच तर जाईल काय, हे मी तिला विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? माहीत नाही.

सरांना फोटो भयंकर आवडला. "एक्सलंट मॅडम. युवा नेतृत्व!"

७ सप्टेंबर

पोट्ट्यांची नवी आयडिया. गटाचा कार्यक्रम ठेवायचा, साहेबांना प्रमुख पाहुणे म्हणून वस्तीतच बोलवायचं. येतील तेव्हा रस्ता आपोआप दिसेल. अन् मंचावरच सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचे. आकाशचे डोळे चमकत होते (माइक!).

मी डोक्यावर हात मारून घेतला. अरे, आपल्यात पाहुण्याला शाल अन् नारळ दिलं की मग त्याला काही विचारता येते का? तो बोलेल ते ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या, गाडीपर्यंत पोचवायचं. आपल्या घरी जेवायला बोलावलेल्या माणसाला ताटावर बसल्यावर कोणी उधारी मागते का?

"तसं नाही ताई, आपण प्रेमानं विचारू."

"कोण विचारणार?"

सगळे काजलकडे. काजल म्हणाली, "मी विचारीन. त्याहिच्या हापिसात नाही होत माझ्यानं. आपल्या वस्तीत होईन." ठाम बोलली. त्यावर मी काय म्हणणार? तिच्या तोंडून "मी विचारीन" ऐकायला मी दीड वर्ष त्या समाजमंदिराच्या फाटक्या सतरंजीवर बसते आहे.

सरांना कळवलं. त्यांचा आनंद गगनात मावेना. लगेच बॅनर छापायला टाकतो म्हणाले. आधी संस्थेचं नाव मोठं, मग साहेबांचा फोटो, मग सरांचा फोटो. पोट्टे कुठं? "कार्यक्रमात असतीलच ना."

१८ सप्टेंबर

तारीख मिळता मिळेना. पितृपक्षात नको, असं वस्तीतले म्हणतात. नवरात्रात साहेबांना वेळ नाही, त्यांच्या गाड्या कोराडीच्या देवीला लागलेल्या. म्हणजे देवीला जायला बस आहे, कॉलेजातून घरी यायला नाही. ठरलं एकदाचं, दसऱ्यानंतरचा रविवार. मधे काजलचे दोन प्रॅक्टिकल बुडाले, भाऊंना नाक्यावर यायला जमलं नाही म्हणून. तिच्या मॅडमनी तिला वर्गात उभं केलं. ती तिथंही काही बोलली नाही म्हणे.

मले तं कधी कधी वाटते, हे सगळं सोडून द्यावं अन् उमरेडला जाऊन भावाच्या दुकानात साड्या विकाव्या. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग चालला. बाबा म्हणायचे, हातमागावर बसलेल्या माणसाला बोलायची गरज पडत नाही. मी काय करून बसले? बोलायला शिकवते! तेही न बोलणाऱ्यांना.

३० सप्टेंबर

सरांशी फोनवर भांडण झालं. कार्यक्रमपत्रिका आली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक (सर), नृत्य, अहवाल (सर पुन्हा), पाहुण्यांचं भाषण, आभार, अल्पोपाहार. काजलचं मनोगत गायब.

"सर, मुलीचं मनोगत काढलं?"

"वेळ कमी आहे मॅडम. साहेब तासाभरात जातील."

"अहो, मुलगी बोलणार म्हणून तर हा कार्यक्रम आहे!"

"तिला आभार प्रदर्शन दिलं ना. आभार म्हणजे बोलणंच आहे."

आभार! आभाराला कोण असते मंडपात? खुर्च्यांचा आवाज अन् पोह्याचा वास. "शेवटी मी आभार मानते" म्हटलं की अर्धा मंडप उठून रांगेत लागते. मी म्हटलं, मग तुमचा अहवाल आभारात वाचा अन् तिला वर घ्या. सरांनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

काजलला सांगताना माझाच चेहरा पडला होता. तर तीच मला समजावते, "राहू द्या नं ताई. आभार तं आभार." म्हटलं हिलाच काही पडलेली नाही, मी एकटीच कशाला जीव जाळू. रागानं चहाही न घेता उठले.

५ ऑक्टोबर

क्रमानं लिहिते.

साहेब दीड तास उशिरा आले. अन् आले कसे? मागच्या, हिंगण्याकडच्या रस्त्यानं! नाक्यावर जाम होता म्हणे. म्हणजे ज्या रस्त्यासाठी एवढा आटापिटा केला तो त्यांनी बघितलाच नाही. तिथंच मला चक्कर यायची बाकी होती.

शाल. नारळ. रोपटं. नाच. सर. पुन्हा सर. मग साहेबांचं भाषण, "तरुणांनी निर्भयपणे आपला आवाज उठवला पाहिजे." टाळ्या. तिकडे तर्रीचा वास सुटला, पोहे गरम व्हायला लागले. आकाशनं पुकारलं, आभार प्रदर्शनासाठी काजल. खुर्च्या सरकायला लागल्या. सर उठून साहेबांना खाली उतरवायलाच निघाले होते.

काजल माइकजवळ आली. हातात कागद नव्हता. मंडपवाल्या भाऊंचे आभार, माइकवाल्या दादांचे, पोहे करणाऱ्या काकूंचे, नाचणाऱ्या मुलींचे, संस्थेचे, सरांचे. मी म्हटलं झालं, आता साहेबांचे अन् जयहिंद. मग थांबली.

"साहेबांचे आभार मी आज मानून नाही राहिली."

मंडप जागच्या जागी. प्लेटी घेतलेल्या बायासुद्धा.

"साहेब मागच्या रस्त्यानं आले, म्हणून त्याहिले आमचा रस्ता दिसला नाही. बस बंद झाली तवापासून माझे बाबा काम सोडून मले आणाले नाक्यावर येते. दिवाळीनंतर माझं कॉलेज बंद होऊन राहिलं. प्रॅक्टिकल सुटल्यावरची बस धर्मकाट्यापर्यंत येईन त्या दिवशी मी साहेबांचे आभार मानीन. ह्याच जागी. बाकी सर्वांचे मानले."

अन् उतरली खाली.

मला रडू आलं. सगळ्यांसमोर, नाक पुसत. त्यात साहेब हसले. "वा! धीट आहे मुलगी, शाब्बास!" अन् स्वतःच टाळ्या वाजवायला लागले, मग साऱ्यांनी वाजवल्या, जसं काही तिनं कविता म्हटली. पोहेही न खाता गेले. त्याच मागच्या रस्त्यानं.

देवरावभाऊ मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून उभे होते. काजलला घेऊन घरी गेले. मी हाक मारली, थांबले नाहीत.

६ ऑक्टोबर

आज दिवसभर शिव्या खाल्ल्या. हो, मीच.

सर: "तुम्ही शिकवलं तिला. संस्थेचं नाक कापलं." मी काय शिकवलं? मला तर माहीतच नव्हतं! अन् शिकवलं असतं तरी काय चुकलं? सरांना माफीचं पत्र पाहिजे, काजलच्या सहीचं, अन् मी तिला घेऊन साहेबाकडे जायचं. नाही तर वाडीचा गट बंद.

वस्तीतल्या बायका: "घरी बोलावून पाहुण्याले असं बोलते का कोणी, माय वं? एवढी शाल पांघरली अन् वरून..." काल त्याच टाळ्या वाजवत होत्या. मारबतीत त्याच ओरडत होत्या.

आकाश: "ताई, काजलनं सारी गडबड केली. आपण प्रेमानं विचारणार होतो." त्याला इतकी झाडली, इतकी झाडली की पार्सलची पिशवी तिथंच विसरून गेला. मग तीही मलाच नेऊन द्यावी लागली.

काजल घराबाहेर आलीच नाही.

१० ऑक्टोबर

बस आली!

खरंच आली. धर्मकाट्यापर्यंत. वस्तीतल्या बायांनी समोर नारळ फोडला, ड्रायव्हरला ओवाळलं. पोट्ट्यांनी सेल्फी काढल्या. सरांनी दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर टाकूनही दिलं, "संस्थेच्या पाठपुराव्याला यश." मी धावत काजलच्या घरी. "पोरी, आली गं, आली!"

ती पाटीवर काय लिहिलं आहे ते बघून आली होती. बस शहरातून साडेचारला सुटते. दिवसातून एकदाच. प्रॅक्टिकल सुटतं सहाला.

साडेचारला कोण सुटते? कॉलेजवाल्या पोरी नाही, गोदामवाले नाही, कोणीच नाही. महिन्याभरात म्हणतील प्रवासी नाहीत, अन् बंद. हे पोट्टीनं मला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. मी फोन केला साहेबांच्या ऑफिसात. बाबू म्हणाला, "बस मागितली होती, दिली. आता टाइमपण तुमच्याच मनाचा?"

वस्ती मात्र खूश. बस आली ना. पुढच्या रविवारी साहेबांचा पुन्हा सत्कार करायचा म्हणे. अन् आभार काजलनं मानायचे, कारण तिनं शब्द दिला आहे.

१३ ऑक्टोबर

सर स्वतः आले आज, गाडी घेऊन. काजलच्या दारात. गोड आवाजात. "बेटा, मी साहेबांशी बोललो आहे. तू जाऊन आभार मान, झालं गेलं मिटवून टाक. मग ते टाइमचं बघतील." भाऊंना म्हणाले, "समजावा तिला."

भाऊ म्हणाले, "मान नं वं बाई आभार. काय जाते तुझं?"

अन् मी? मी काय म्हटलं? मीही तेच म्हटलं. लिहितानाही संताप येऊन राहिला, पण म्हटलं. दोन शब्द आहेत, काजल. दिवाळी आठवड्यावर आली. तुझं कॉलेज वाचत असेल तर म्हणून टाक. आपण काय त्यांच्या पाया पडायला सांगत नाही. सर मान डोलवत होते. मी अन् सर पहिल्यांदाच एका बाजूला!

काजल भांडे घासत होती, हात साबणाचे. "ताई, मी सर्वांसमोर सांगितलं होतं, प्रॅक्टिकल सुटल्यावरची बस. ती नाही आली. मंग आभार कायचे मानू?"

"अगं पण टाइम बदलतील ना ते!"

"बदलले का मानीन."

"अन् नाही बदलले तर?"

ती पुढचं भांडं घासायला लागली. सर उठून गेले. जाताना मला म्हणाले, "बघा, काय करून ठेवलं तुम्ही." गट बंद होईल बहुतेक. होऊ दे. मला त्या क्षणी काजलच्या दोन थोबाडीत माराव्या वाटल्या, अन् त्याच क्षणी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. घरी येऊन दिवाळीसाठी आणलेल्या चिवड्याच्या पोह्यात मीठ दोनदा टाकलं.

१५ ऑक्टोबर

हे साहेबांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वाकडं येतं आहे, येऊ दे.

सकाळी काजलचा फोन, "ताई, मी साहेबाकडे जाऊन राहिली. तुम्ही येता का?" मला वाटलं समजूत पटली. जीव भांड्यात पडला. स्टॉपवर बघते तर देवरावभाऊही, धुतलेला शर्ट घालून. आज मुकादमाला सांगून आले. वाटेत मी मनात वाक्य तयार करत होते, साहेबांना काय म्हणायचं, कुठून सुरुवात करायची, आभार आधी की टाइम आधी. सवय.

चिठ्ठी आत गेली. बोलावणं आलं. मी उठले, पदर सारखा केला. काजल म्हणाली, "ताई, तुम्ही बाहेर बसा. बाबा, तुम्हीपण." अन् गेली आत. दार लागलं.

इतका राग आला! मी आले कशाला मग, सोबतीला? बसभाडं घालून? आत काय बोलते आहे नीट ऐकू येत नाही. एकदा तिचा आवाज येतो, एकदा त्यांचा. आभार मानते आहे की काय मागते आहे, देव जाणे. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. भाऊ हातांची बोटं मोडत बसले आहेत.

"काय बोलून राहिली असन वं ताई?"

"मले काय माहीत, भाऊ."

"बरी बोलते नं पण?"

"हाव. बरी बोलते."

टाइमटेबलचा बाबू आत गेला मघाशी, लगेच बाहेर आला, तोंड वाकडं करून. बाहेरचे लोक ताटकळले आहेत, आमच्याकडे बघतात. आता शिपाई आला होता. मलाच म्हणाला, "मॅडम, तुमच्या पोरीले उठवा नं. साहेबाले मीटिंगले जायचं आहे. सहानंतरची बस सांगा मंगच उठीन म्हणते. खुर्चीवरून हलून नाही राहिली."

मी उठत होते. खरंच उठत होते, तिला समजावायला, साहेबांना सॉरी म्हणायला, कशाला ते मलाच ठाऊक नाही. भाऊंनी माझ्या पर्सचा पट्टा धरला अन् शिपायाला म्हणाले, "बसू द्या तिले."

शिपाई परत आत गेला आहे.